खेळातून इंग्रजी शब्दसंग्रह

साकीनाका परिसरातील चाळींमध्ये मराठी, हिंदी, उर्दू अशा अनेक भाषा एकाच वेळी कानावर पडतात. इंग्रजी मात्र दुकानांच्या पाट्यांवर दिसते. बहुतेक घरांत ती बोलली जात नाही. त्यामुळे येथील मुलांना तिचा सराव मिळतो तो प्रामुख्याने शाळेच्या तासातच.

पूर्वी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून शिकविले जात असे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून ते पहिलीत आले. धड वाचताही न येणाऱ्या मुलांना इंग्रजी शब्द कसे शिकवावेत, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला. परिचित खेळ हे त्याचे एक उत्तर होय.

कृतीतून अर्थ
'शिवाजी म्हणतो' या खेळात 'स्टँड', 'टर्न', 'टच युअर नोज' अशा आज्ञा दिल्यास भाषांतराविना अर्थ उमगतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांची 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' ही पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे : आधी ऐकणे व कृती, नंतर बोलणे.

स्मरणातून सराव
तबकातील वस्तू क्षणभर दाखवून झाकायच्या व त्यांची नावे आठवायची, हा खेळ स्काउटमध्ये 'किम्स गेम' म्हणून ओळखला जातो. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांच्या 'किम' (१९०१) या कादंबरीवरून हे नाव पडले. साकीनाक्यातील लहान कारखान्यांमुळे मुलांच्या तोंडी असलेल्या स्क्रू, वायर, ब्रश या शब्दांपासून सुरुवात करून 'नीडल', 'थ्रेड' असे नवे शब्द जोडता येतात.

अक्षरांची ओळख
इंग्रजी अंत्याक्षरीत 'टेबल'नंतर 'एल'ने नव्हे, तर 'ई'ने सुरू होणारा शब्द द्यावा लागतो. उच्चार आणि स्पेलिंग यांतील तफावत येथे आपोआप लक्षात येते.

काय टाळावे?
चुकणाऱ्याला 'बाद' करण्याची प्रथा वर्गात घातक ठरते. ज्याला शब्द येत नाही, त्याला सरावाची सर्वाधिक गरज असते. पण तोच आधी बाहेर बसतो. त्याऐवजी गटांना गुण द्यावेत आणि चुकलेल्या मुलाला पुन्हा संधी द्यावी. मोठ्या वर्गात पाच-सहा मुलांचे गट केल्यास प्रत्येकाची पाळी येते.

एका वेळी मोजकेच नवे शब्द घ्यावेत आणि काही दिवसांनी तेच पुन्हा खेळात आणावेत. शिवाय सुटा शब्द म्हणजे भाषा नव्हे. 'की' हा शब्द आला, की 'व्हेअर इज द की?' हा प्रश्नही मुलांकडून विचारून घ्यावा. तेव्हाच खेळातला शब्द बोलण्यात उतरतो.