वस्तूवाचून रंग: ऑर्फिझम आणि वासुदेव गायतोंडे

या चळवळीची गोष्ट चित्रकारापासून नाही, एका रसायनशास्त्रज्ञापासून सुरू होते. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात भिंतीवर टांगायची चित्रवस्त्रे विणली जात. तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख होता मिशेल-युजीन शेव्रल. काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासले, तेव्हा रंगात खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे तो काळा डोळ्याला दुबळा दिसत होता. शेजारी शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना बदलतात, हा नियम शेव्रलने १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. तुम्हीही करून पाहा: एकाच राखाडी कागदाचे दोन तुकडे घ्या, एक लाल पुठ्ठ्यावर ठेवा, दुसरा हिरव्या. ते सारखे दिसणार नाहीत.

१९१२ साली रोबेर दलोने या फ्रेंच चित्रकाराने याच नियमावर खिडक्यांची चित्रमालिका रचली. आयफेल टॉवरची पुसट खूण तेवढी राहिली, बाकी सारा रंगांचा मेळ. कवी गिओम अपोलिनेरने या प्रवाहाला ऑर्फिझम म्हटले, ग्रीक पुराणातल्या ऑर्फिअस या गायकावरून. गाण्याला कशाची नक्कल करावी लागत नाही, मग रंगालाच का करावी लागावी? सोनिया दलोने आणि चेक चित्रकार फ्रांतिशेक कुप्का हेही याच वाटेवर होते. १९१४ च्या महायुद्धाने ही मंडळी पांगली.

आता आपल्याकडे या. दुर्गहून गाडीत बसलात की काही तासांत नागपूर येते. तिथे १९२४ साली वासुदेव संतू गायतोंडे जन्मले. घराणे मूळचे गोव्याचे, बालपण मात्र मुंबईत, गिरगावच्या चाळीत. १९४८ साली त्यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतली. पुढे ते प्रोग्रेसिव्ह गटाशी जोडले गेले.

पाठ्यपुस्तके त्यांना 'पाश्चात्त्य अमूर्तकलेचा भारतीय अवतार' ठरवून मोकळी होतात. मला हे पटत नाही. पॉल क्लेचा प्रभाव होता, हे खरेच. पण आपल्याकडच्या लघुचित्रांचा अभ्यास करताना गायतोंडे त्यांतल्या आकृती मनाने वगळत आणि उरलेल्या रंगांचे प्रमाण पाहत. राजा गेला, राणी गेली, झाड गेले. उरला पिवळ्याशेजारी लाल किती, एवढाच प्रश्न. ही वाट पॅरिसवरून आलेली नाही. शिवाय दलोनेचे रंग एकमेकांशी झुंजतात, तर गायतोंड्यांच्या प्रौढ चित्रांत बहुधा एकाच रंगाचे राज्य असते. रोलरने आणि पॅलेट नाइफने थर चढवायचे, काढायचे, पुन्हा चढवायचे. खालचा थर वरच्यातून उजळतो. वर्षाला मोजकीच चित्रे पूर्ण होत. 'अमूर्त' हा शब्द त्यांना नकोसा होता. ते आपल्या चित्रांना 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत.

भिलाईच्या मुलांना नेमके इथेच अडते. आमच्या गावात तापलेल्या पोलादाचा रंग पाहून जुना कामगार तापमानाचा अंदाज बांधतो. रंग म्हणजे कशाची तरी खूण. म्हणून "सर, हे कशाचे चित्र?" हा प्रश्न येतोच, आणि तो मूर्खपणाचा नाही. गायतोंड्यांच्या चित्रात मात्र रंगामागे शोधण्यासारखे दुसरे काही ठेवलेलेच नाही. छापील पानावर किंवा मोबाईलवर हे कळणे अवघड, कारण थरांची खोली तिथे उरत नाही. दिल्लीला गेलात तर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मूळ चित्र पाहा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहातही ते आहेत; भौतिकशास्त्रज्ञांच्या भिंतींवर गायतोंडे, हे मला फार आवडते.

१९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली, पुढे दिल्लीत स्थायिक झाले. १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास हाताबाहेर गेले, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची छोटी चित्रे केली. २००१ साली ते वारले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले ते २०१४ साली.