सूतिकाज्वराचा माग

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असें आपल्याकडील वडीलधाऱ्या बायका म्हणत आल्या आहेत. या म्हणण्यांत अतिशयोक्ति नव्हती. प्रसूति सुखरूप पार पडावी, मूल दूध पिऊं लागावें, आणि दोन-तीन दिवसांत थंडी वाजून आईला ताप भरावा. मग आठवडाभरांत मूल पोरकें व्हावें, हें युरोपांतील मोठमोठ्या रुग्णालयांतही घडत असे. या सूतिकाज्वराचा माग ज्यांनीं काढला, त्यांपैकीं लंडनचे डॉ. लेनर्ड कोलब्रुक व त्यांच्या भगिनी डॉ. डोरा कोलब्रुक यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

तत्पूर्वीं थोडें मागें जाऊं. व्हिएन्नाच्या रुग्णालयांत प्रसूतीचे दोन विभाग होते. एकांत डॉक्टर व विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यांत सुइणी. १८४६ सालीं पहिल्या विभागांत शंभर बाळंतिणींमागें सुमारें ११ दगावल्या. दुसऱ्यांत तीनही नाहींत. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिगृहांत येतात, हें डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनीं हेरलें. १८४७ सालीं त्यांनीं क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ति केली, आणि मृत्यूंचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. परंतु रोग आपल्याच हातांनीं पसरतो, हें ऐकून घेण्यास वैद्यवर्गांतील पुष्कळ जण तयार नव्हते. १८६५ सालीं सेमेलवाइस वेड्यांच्या इस्पितळांत वारले.

पुढें १८७९ सालीं पाश्चर यांनीं पॅरिसच्या वैद्यकपरिषदेंत या रोगाचा जंतु फळ्यावर काढून दाखविला. मण्यांच्या माळेसारखा दिसणारा हा स्ट्रेप्टोकॉकस. हात धुण्याची चालही रूढ झाली. तरीसुद्धां १९३० च्या सुमारास इंग्लंडांत दर हजार प्रसूतींमागें चार माता दगावत होत्या, आणि त्यांतला मोठा वाटा या ज्वराचाच होता. हात धुतलेले असूनही हा जंतु येतो तरी कोठून?

लंडनच्या क्वीन शार्लट प्रसूति-रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत डॉ. कोलब्रुक याच प्रश्नाच्या मागें लागले होते. त्याचें उत्तर डोराबाईंच्या चिकाटीनें मिळालें. बाळंतिणीच्या शरीरांतील जंतु आणि तिच्या भोंवतालच्या माणसांच्या नाकाघशांतील जंतु, यांचे पोटप्रकार त्यांनीं एकमेकांशीं ताडून पाहिले. १९३५ सालीं त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. ज्वराचा जंतु पुष्कळ वेळां बाळंतिणीच्या स्वतःच्या, किंवा तिची शुश्रूषा करणाऱ्या डॉक्टर-सुइणींच्या नाकाघशांत आढळला होता. म्हणजे हातांबरोबर श्वासाचाही बंदोबस्त हवा होता. तोंडावर फडकें बांधणें हा नुसता उपचार नसून तें बाळंतिणीचें संरक्षण आहे, हें यावरून उघड झालें.

त्याच वर्षीं जर्मनींत गेरहार्ड डोमाग्क यांनीं प्राँटोसिल नांवाच्या एका तांबड्या रंगद्रव्याचा गुण जाहीर केला. स्ट्रेप्टोकॉकसनें ग्रासलेले उंदीर त्यानें वांचत होते. कोलब्रुक यांनीं आपल्या सहकारी डॉ. मेव्ह केनी यांच्यासह तें औषध सूतिकाज्वरावर योजिलें. औषधानें रोग्यांची कातडी लालसर होई, पण ताप उतरे. पूर्वीं त्या रुग्णालयांत या ज्वराच्या चार रोग्यांमागें सुमारें एक दगावे. १९३६ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत ३८ रोग्यांपैकीं तीनच दगावल्याची नोंद होती; पुढच्या २६ जणींत एकही मृत्यु झाला नाहीं. अशा वेळीं दुसऱ्या कोणीं डंका पिटला असता. पण रोगाचा जोर आपोआपही ओसरलेला असूं शकेल, ही शंका कोलब्रुक यांनीं स्वतःच लोकांपुढें ठेविली. या सचोटीमुळेंच त्यांच्या शब्दाला वजन आलें.

त्यानंतर इंग्लंडांतील मातृमृत्यूंचा आकडा घसरूं लागला. पेनिसिलिन आलें, रक्त देण्याची सोय वाढली, आणि १९५० सालीं तो हजारीं एकाहूनही खालीं आला. या यशाचें श्रेय एकट्या औषधाचें नव्हे, हें ध्यानांत ठेवावें.

सेमेलवाइस यांचें सत्य दुखावलेल्या अभिमानापुढें हरलें. कोलब्रुक बंधुभगिनींनीं तेंच सत्य आंकड्यांनीं व संयमानें पटवून दिलें. रोग्याचें भलें करूं पाहणाराच नकळत रोगाचा वाहक होऊं शकतो, हें तें सत्य होय. जगांत आजही मातांच्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत जंतुसंसर्गाची गणना होते. तेव्हां बाळंतिणीच्या खोलींत पाऊल टाकण्यापूर्वीं हात साबणानें धुवावे, आणि घसा दुखत असेल तर बाळ पाहण्याची हौस चार दिवस आवरावी. एवढें पथ्य पाळण्यास पैसा लागत नाहीं; थोडा विनय मात्र लागतो.