अस्सलबरहुकूम नक्कल

मराठवाड्याच्या भूमीत नक्कल उतरविणे हे केवळ हस्तकौशल्याचे नव्हे, तर विवेकाचे कार्य मानले गेले, याची उज्ज्वल साक्ष शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 च्या सुमारास, एकनाथमहाराजांनी पैठणास केलेल्या ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणाने दिली आहे. हातोहात उतरत आलेल्या पोथ्यांत शिरलेले अपपाठ त्यांनी प्रतीशी प्रत ताडून दूर केले. पुढे निजामी अमलात नांदेड-लातूरकडील कचेऱ्यांतूनही नकलनविसाने कागद उतरावा, अस्सलाशी त्याचा मुकाबला व्हावा आणि मगच त्यावर शिक्का उमटावा, हाच दंडक होता.

ध्वनीची नक्कल करणारा धंदा मात्र या दंडकावाचून वाढला. 1980 नंतरच्या दशकात स्वस्त कॅसेटींचा सुकाळ झाला, प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि भीमगीते खेडोपाडी पोहोचली, आणि बाजारपेठांत कॅसेट भरून देणारी दुकाने उभी राहिली. फितीवरून फितीवर उतरताना स्वर मंदावत आणि खरखर वाढत असे. सीडी आली, संगणक आला, आणि गिऱ्हाइकाचे मेमरी कार्ड भरून देण्याचा व्यवहार सुरू झाला, तेव्हा अंकांची नक्कल हुबेहूबच उतरते अशी समजूत रूढ झाली. हक्कदाराच्या अनुमतीवाचून चाललेल्या व्यवहाराचे समर्थन करता येत नाही. परंतु नांदेडच्या हुजूर साहिब येथील कीर्तन, माळेगावच्या यात्रेतील लावणी वा घरचे लग्न ज्या तबकड्यांवर उतरले, त्या जतन करणे हे निर्विवाद सत्कर्म होय.

अंकांची नक्कल हुबेहूबच उतरते ही समजूत मात्र संगीताच्या सीडीपुरती निराधार होती. 1982 मध्ये बाजारात आलेल्या संगीताच्या सीडीत प्रत्येक सेकंदास 75 खंड असतात आणि प्रत्येक खंडात 2352 बाइट ध्वनी असतो; माहितीच्या सीडीत त्याच खंडातील 2048 बाइटच माहितीसाठी राखून उरलेल्या जागेत खंडाचा पत्ता आणि दुरुस्तीची जादा तरतूद केलेली असते. ही तरतूद संगीताच्या सीडीत नसल्याने, मूळ दुरुस्तीच्या आवाक्याबाहेरचा ओरखडा आला की यंत्र शेजारच्या स्वरांवरून अंदाज बांधते व कानास चाहूल लागू न देता पुढे जाते. 1998 च्या सुमारास जर्मनीतील आंद्रे वीथॉफ यांनी रचलेली ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ ही प्रणाली तोच भाग पुनःपुन्हा वाचून वाचनाशी वाचन ताडते, ती याच कारणास्तव.

जेथे दिवसभर सीडीमागून सीडी उतरवायची असते, तेथे प्रणाली मध्येच अडकली, हँग झाली, की सर्व दोष तिच्या माथी मारला जातो. पण चौकशी क्रमवार करावयास हवी. अडलेली तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. तेथेही अडली तर दोष बहुधा तबकडीचा. एकाच ड्राइव्हमध्ये अनेक चांगल्या तबकड्या अडत असतील तर भिंगावरील धूळ, उन्हाळ्यातील तापलेले यंत्र किंवा अपुरा वीजपुरवठा यांकडे वळावे. सर्वच ड्राइव्ह एकदम थांबत असतील तर हार्ड डिस्कवरील जागा, संगणकाची स्मृती आणि गाण्यांची नावे शोधण्यासाठी खोळंबणारे इंटरनेट यांची झडती घ्यावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, वाचनाचा वेग कमी करावा, आणि खराब तबकडी बाजूस काढून तिच्यापायी सारी रांग अडणार नाही अशी तजवीज करावी.

प्रसिद्ध कंपन्यांच्या तबकड्यांचे काम त्या मानाने सोपे आहे: ‘अ‍ॅक्युरेटरिप’ या सामायिक नोंदवहीत अनेकांच्या वाचनांचे तपासांक साठविलेले असतात आणि आपला तपासांक त्यांच्याशी जुळविता येतो. माळेगावच्या लावणीची घरी भरलेली सीडी त्या नोंदवहीत आढळायची नाही. तिला जगात दुसरा साक्षीदार नसल्याने ती दोन निराळ्या ड्राइव्हमध्ये वाचावी, दोन्ही वाचनांचा मुकाबला करावा, आणि ती जुळल्यावरच तिची एमपी3 करावी. मूळ ध्वनी मात्र न आकसता स्वतंत्र ठेवावा. घरी भरलेल्या सीडीवरील रंगद्रव्य काळाबरोबर क्षीण होते, म्हणून हे काम पुढील पिढीवर टाकणे परवडणारे नाही. ज्या प्रांताने ज्ञानेश्वरीचा शुद्ध पाठ महाराष्ट्राच्या हाती दिला, त्या प्रांताने आपल्या कलावंतांचा आवाजही त्याच कसोशीने उतरवून ठेवणे, हे त्याचे आजचे कर्तव्य आहे.