बेवारशी कुत्र्याचा प्रवास

चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यांत, पुणें-नाशिक रस्त्याच्या कडेला, मोटारीची ठोकर बसून पडलेली एक कुत्री आम्हीं घरीं आणली. जखम महिन्याभरांत भरून आली. भय मात्र गेलें नाहीं. ती घरांत वाटेल तेथें घाण करी, आणि मोटारींत बसवितांच थरथर कांपे. तिला मुंबईस नेतांना वाटेंत चार वेळां थांबावें लागलें. “रस्त्यावरच्या जनावरास शिस्त कोठून येणार ?” असा निकाल आमच्या एका स्नेह्यांनीं दिला. हा निकाल जुना आहे, आणि तो प्रथम फार गाजला तो ह्याच मुंबईंत.

मोकाट कुत्रे ठराविक दिवसांत मारावेत, असा तेथील पोलिसांचा हुकूम होता. १८३२ सालीं ती मुदत वाढविली गेली. कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस असल्यामुळें मारणाऱ्यांनीं पाळींव व मोकाट हा भेदहि ठेविला नाहीं. पारशी धर्मांत प्रेतावर कुत्र्याची दृष्टि पडणें हा अंत्यविधीचा भाग; तेव्हां ६ जून रोजीं कोटांत पारशी खवळून उठले. दुसऱ्या दिवशीं बाजार बंद राहिला, हिंदूहि त्यांस मिळाले, व अखेर लष्कर बोलवावें लागलें. पुढें कुत्रे मारण्याऐवजीं शहराबाहेर नेऊन सोडण्याचें ठरलें.

सरकारची भीति अगदींच खोटी होती असें नाहीं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर पाश्चरची लस १८८५ सालीं आली. तोंपर्यंत अशा दंशावर खात्रीचा उपाय नव्हता, आणि रोग जडला म्हणजे मरणच. तथापि दयेच्या त्या तोडग्यांतहि एक चूक राहिली. रस्त्यावरच्या कुत्र्याला धनी नसला तरी जागा असते : तेथील वास, तेथील माणसें, भाकरी टाकणारा पहारेकरी. जागा सुटली कीं त्याचें सारें बळ जातें. नसबंदी व लसीनंतर कुत्रा जेथून धरला तेथेंच सोडावा, हें तत्त्व २००१ च्या नियमांनीं मान्य केलें. २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शाळा, इस्पितळें, स्थानकें यांतून धरलेल्या कुत्र्यांपुरता त्यास अपवाद केला. वाद अद्याप मिटलेला नाहीं.

आमच्या कुत्रीचा दोष आम्हांस यांतून उमगला. जिला घरच नव्हतें तिनें घराची मर्यादा कोठें शिकावी ? ती आज्ञा मोडीत नव्हती. तिची जागा सुटली होती. तेव्हां जागाच बरोबर न्यावी, असें आम्हीं ठरविलें. तिचें न धुतलेलें कांबळें गाडींत अंथरलें. आधीं उभ्या गाडींत बसविलें, मग गल्लीच्या टोंकापर्यंत नेलें. उठल्यावर व जेवल्यावर नेमानें बाहेर काढलें. बाहेर विधि केला कीं लागलीच शाबासकी व तुकडा. घरांत चुकल्यास रागावणें बंद केलें. कारण रागें भरल्यानें ती एवढेंच शिकली होती कीं माणसासमोर विधि करूं नये, कोपऱ्यांत लपून करावा. घाणीचा वास राहिल्यास ती पुन्हां तेथेंच जाते, म्हणून जागा निपटून धुतली.

चार महिन्यांनीं आम्ही पुन्हां मुंबईस निघालों. गाडी चाकणच्या किल्ल्यावरून पुढें गेली, तेव्हां ती कांपत होती खरी. पण कांबळ्यावर बसून होती. ह्या वेळीं वाटेंत दोनदांच थांबावें लागलें.