वॉरगेममधील सैन्यनिवड आणि मिशनचा समतोल

वॉरगेममधील सैन्यनिवड आणि मिशनचा समतोल : टेबलावर छोट्या प्रतिकृती मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळात प्रत्येक खेळाडू आपले सैन्य स्वतः निवडतो. अशी दोन भिन्न सैन्ये समोरासमोर आली तरी लढत चुरशीची व्हावी, यासाठी नियमांत केलेली तजवीज. सैन्यात काय व किती घेता येईल यावरील बंधने हा तिचा एक भाग, तर विजय कशावर ठरणार हे सांगणारे मिशन हा दुसरा. पहिल्यावर खेळाडू तासन्‌तास वाद घालतात. प्रत्यक्षात दुसऱ्याचा प्रभाव अधिक असतो.

बुद्धिबळात दोन्ही बाजूंना सारखीच १६ मोहरी मिळतात, त्यामुळे हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी घडवलेला आणि १८२४ मध्ये नियमबद्ध झालेला ‘क्रीग्सश्पील’ हा लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी होता. तिथे पंच प्रसंग आखून देत असे आणि विषम बळ हा शिकवणीचाच भाग होता. छंद म्हणून खेळणाऱ्यांना मात्र दोघांनाही जिंकण्याची वाजवी संधी हवी असते. त्यातून प्रत्येक तुकडीला किंमत लावणारी पॉइंट पद्धत रुळली : दोघांनी ठरलेल्या पॉइंटांत, उदाहरणार्थ १,५०० किंवा २,००० मध्ये, आपापली यादी बसवायची.

या पद्धतीची मर्यादा लवकरच दिसते. तुकडीची किंमत एकच असते, पण तिचा उपयोग प्रसंगानुसार बदलतो. रणगाडा फोडणारी तोफ पायदळाच्या लोंढ्यापुढे जवळजवळ निकामी ठरते. म्हणून किंमत कितीही काटेकोर लावली तरी तेवढ्याने समतोल साधत नाही. ब्रिटनमधील गेम्स वर्कशॉपच्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळाच्या (पहिली आवृत्ती १९८७) निरनिराळ्या आवृत्त्यांत या प्रश्नाची उत्तरे बदलत गेलेली दिसतात.

तिसऱ्या आवृत्तीने (१९९८) सैन्याला सांगाडा दिला. किमान एक सेनानी आणि ‘ट्रूप्स’ म्हणजे साध्या सैनिकांच्या किमान दोन तुकड्या सक्तीच्या झाल्या; निवडक योद्धे, वेगवान पथके आणि अवजड शस्त्रे यांच्या मात्र जास्तीत जास्त तीन-तीनच तुकड्या घेता येत. सक्ती असल्यामुळे खेळाडू ट्रूप्स घेत, तेही स्वस्तातले आणि कमीत कमी. त्या सैनिकांना टेबलावर काही काम उरले नव्हते.

ते काम पाचव्या आवृत्तीने (२००८) दिले, आणि या विषयातला सर्वांत बोधप्रद टप्पा हाच आहे. तिच्यातील तीन प्रमाण मिशनांपैकी दोनांत टेबलावरील ठाणी ताब्यात ठेवायची असत : ‘सीझ ग्राउंड’मध्ये तीन ते पाच, तर ‘कॅप्चर अँड कंट्रोल’मध्ये प्रत्येकाचे एक अशी दोन. ठाण्यापासून तीन इंचांच्या आत उभी असलेली ट्रूप्सची तुकडीच ते ताब्यात घेऊ शकत असे. इतरांना फक्त शत्रूचा ताबा अडवता येई. तिसरे मिशन ‘ॲनिहिलेशन’. त्यात शत्रूची प्रत्येक नष्ट तुकडी एक गुण देई, मग ती कितीही स्वस्त वा महाग असो.

आता हिशेब पाहा. खेळातील इंपीरियल गार्ड या सैन्याची दहा सैनिकांची तुकडी ५० पॉइंटांची, तर स्पेस मरीन्स या सैन्याचा लँड रेडर रणगाडा २५० चा. म्हणजे एका रणगाड्याच्या किमतीत पाच तुकड्या येतात. सीझ ग्राउंडमध्ये त्या पाच तुकड्या पाच ठाणी राखू शकतात, रणगाडा एकही नाही. ॲनिहिलेशनमध्ये त्याच पाच तुकड्या शत्रूला पाच गुण देऊ शकतात, रणगाडा फक्त एक. किंमत तीच असूनही मिशन बदलताच पारडे फिरते. शिवाय मिशन फाशाने, याद्या तयार झाल्यावर ठरत असल्याने कोणत्याही एका टोकाचे सैन्य बांधणे जोखमीचे होते. गार्डच्या २००९ च्या कोडेक्सने, म्हणजे त्या सैन्याच्या नियमपुस्तकाने, यावर सुंदर तोड काढली : एका प्लॅटूनमधील पायदळाच्या तुकड्या मांडणीपूर्वी जोडून एकच मोठी तुकडी करता येई. ॲनिहिलेशन आले तर जोडायच्या, ठाणी राखायची असतील तर सुट्या ठेवायच्या. यादी तीच राहून सैन्य मिशनला जुळवून घेई.

या रचनेत दोष होतेच. दोन ठाण्यांचे मिशन अनेकदा बरोबरीत सुटे. मोटरसायकलवरचा कॅप्टन घेतला की मरीन्सची पुरेशी मोठी मोटरसायकल पथकेही ट्रूप्स ठरत, आणि साध्या सैनिकांची अट नावापुरती राही. शेवटच्या फेरीत वेगवान वाहन ठाण्यावर नेऊन ताबा अडवण्याची युक्तीही सर्रास चाले. तिला उत्तर म्हणून सामन्याचा शेवट अनिश्चित ठेवला होता : पाचव्या फेरीनंतर फाशावर तीन किंवा अधिक पडल्यास सहावी, त्यानंतर चार किंवा अधिक पडल्यास सातवी फेरी.

सहाव्या आवृत्तीत (२०१२) मिशने सहा झाली. त्यांपैकी एकात अवजड शस्त्रांची पथकेही ठाणी घेऊ लागली, पण ती नष्ट झाल्यास शत्रूला जादा गुण मिळे. बक्षीस आणि धोका एकाच जागी ठेवणारी ही कल्पना अधिक वापरली जायला हवी होती. सातवीने (२०१४) सांगाडाच ऐच्छिक केला आणि उद्दिष्टे ३६ पत्त्यांतून काढायला लावली. पत्त्यांनी रंगत आणली, पण नशिबाचा वाटा फार वाढवला. आठव्या आवृत्तीच्या काळात, २०१८ मध्ये, स्पर्धांसाठी एकाच प्रकारच्या तुकड्यांवर तीनची मर्यादा सुचवली गेली. साध्या सैनिकांना त्यातून सूट होती.

दहाव्या आवृत्तीत (२०२३) ताबा सैनिकांच्या ताबा-अंकांच्या बेरजेवर ठरतो. मरीन्सच्या इंटरसेसर सैनिकाचा ताबा-अंक दोन, तर त्याहून कितीतरी बलाढ्य टर्मिनेटरचा एक. पाच इंटरसेसरांचे दहा होतात, पाच टर्मिनेटरांचे पाचच. मनोधैर्य खचलेल्या तुकडीचा अंक शून्यावर येतो. फक्त ट्रूप्सनाच हक्क देण्यापेक्षा ही पद्धत निश्चितच सरस आहे, कारण प्रत्येक तुकडीला काही ना काही वजन मिळते आणि साधा सैनिक तरीही मोलाचा राहतो.

क्लबात किंवा घरी स्वतःची मिशने रचणाऱ्यांनी किमान एक मिशन ठाण्यांचे आणि एक संहाराचे ठेवावे, दोन्ही याद्या आधी लिहून घ्याव्यात आणि फासा त्यानंतरच टाकावा.