तळ्याचे देणे

दिवाळीची सुटी लागली की आमच्या रत्नागिरीतली माणसे चहूकडे पांगतात. कुणी कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जातो, कुणी मुंबईच्या मुलाकडे, कुणी लेकीच्या सासरी. मी भाऊबीज आटोपली की पिशवीत दुर्बीण, कॅमेरा आणि डबाभर चकल्या टाकतो आणि कुडाळची गाडी पकडतो. कुडाळहून नेरूरपारचा पूल ओलांडून कर्ली नदी मागे टाकली की काळसे लागते. ते माझे आजोळ. त्याच्या पुढे धामापूर. दोन डोंगरांच्या बेचक्यात बांध घालून अडवलेले पाणी, काठावर भगवतीचे देऊळ आणि पाण्यापर्यंत उतरलेली दाट झाडी. एवढेच ते तळे.

"दर वर्षी तेच पाणी आणि तीच पाखरे! नवीन काय दिसते हो तुम्हांला?" असे घरातून दर वर्षी विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

हे तळे इसवी सन १५३० मधले. विजयनगरच्या राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या मदतीने ते बांधले, असे सांगतात. त्याच वर्षाच्या अखेरीस तिकडे आग्र्यास बाबर वारला. इकडे पोर्तुगीजांनी आपल्या पूर्वेकडील राज्याची राजधानी कोचीनहून गोव्यास आणली तीही त्याच साली. शिवछत्रपतींनी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला तो १६६४ साली. म्हणजे तेव्हा या तळ्याला वये मोजणाऱ्यांच्या हिशेबाने १३४ वर्षे होऊन गेली होती. बाबराचे साम्राज्य गेले, विजयनगर गेले, गोव्यातले पोर्तुगीजही १९६१ साली गेले. मातीचा बांध मात्र उभा आहे, आणि त्याच्या पाण्यावर काळसे-धामापूरच्या पोफळी अजून हिरव्या आहेत. आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने २०२० साली जगातील वारसा सिंचन-बांधकामांच्या यादीत धामापूरचे नाव घातले. ती बातमी मामांना वाचून दाखवली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आमका ठावक हुता."

या तळ्याची एक कथा मालवण मुलुखात लहान पोरांनाही पाठ असते. पूर्वी गावात कुणाच्या घरी लग्न निघाले आणि अंगावर घालायला दागिना नसला, तर घरचा माणूस भगवतीला गाऱ्हाणे घाली आणि फुलांनी भरलेली परडी सायंकाळी तळ्यात सोडी. सकाळी परडी काठाला लागे, तीत सोन्याचे दागिने असत. लग्न पार पडले की ते जसेच्या तसे परडीत घालून तळ्याला परत करायचे. पुढे कुणा एकाला लोभ सुटला. त्याने दागिने ठेवून घेतले. त्या दिवसापासून परडी रिकामीच येऊ लागली.

लहानपणी मला या कथेत सोने दिसे. आता वाटते, तळे बांधणाऱ्या गावानेच ही गोष्ट रचली असली पाहिजे. पाणी वाटून घेण्याच्या गावाला याहून दुसरा कायदा कोणता हवा?

पाखरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आमच्या कोकणात पाऊस अमाप, पण पाणी थांबत नाही. सह्याद्रीवरून ते धावत सुटते आणि जांभ्या दगडातून झिरपत खाडीला मिळते. खाडीचे पाणी खारट, भरती-ओहोटीबरोबर चढणारे-उतरणारे. देशावर जशी मोठमोठी उथळ तळी आहेत, हिवाळ्यात जिथे बदकांची जत्रा भरते, तशी कोकणात फारशी नाहीत. म्हणून गोड्या, निवांत, बारमाही पाण्याची एखादी जागा असली की आसपासच्या पाखरांना तिचे मोल फार. धामापूरला हजारोंचे थवे दिसणार नाहीत. एखादा पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला दिसेल. टिबुकली बुडी मारील आणि आपण जिथे पाहत नाही नेमकी तिथेच वर येईल. घोंगी खंड्या आपली लाल चोच सावरीत फांदीवरून ओरडेल, डोक्यावरून ब्राह्मणी घार एक फेरी मारील आणि समोरच्या डोंगरावरून धनेशांची जोडी पंखांचा खर्जातला आवाज करीत जाईल. नवरात्राच्या सुमारास उत्तरेकडून आलेला परीट दिवाळीपर्यंत बांधावर आपली शेपटी हलवीत घरचा झालेला असतो.

ही आमच्या मुलुखातली पाखरे प्रथम कुणी मोजली? जॉर्ज विडाल नावाचे एक इंग्रज मुलकी अधिकारी त्या काळी रत्नागिरीत होते. त्यांनी दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची यादी तयार केली आणि ती १८८० साली 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात छापून आली. थिबा राजाला रत्नागिरीत आणले त्याच्या सहा वर्षे आधीची ही गोष्ट. त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा मोठा होता. मालवण त्यातच मोडत असे. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. यादी जवळजवळ शंभर पानांची आहे, आणि तिच्या नावात 'पहिली' हा शब्द आहे. मला त्या एका शब्दाचे फार कौतुक वाटते. एवढे काम करूनही हा माणूस 'संपूर्ण' म्हणत नाही. पुढे कुणीतरी यावे, चुका दुरुस्त कराव्यात, दुसरी यादी करावी, अशी जागा त्याने मोकळी ठेवली आहे.

परंतु ही मोजणी बंदुकीने झालेली आहे, हेही सांगितले पाहिजे. तेव्हाचा पक्षिशास्त्रज्ञ आधी पाखरू पाडी, मग त्याचे कातडे सोडवून सोमलाचा लेप देई, आत कापूस भरी आणि पायाला चिठ्ठी बांधी. पाखराचे नाव काय, यावर वाद झाला तर ते हातात धरून दाखवण्यावाचून दुसरा पुरावा नव्हता. 'स्ट्रे फेदर्स'चे संपादक म्हणजे अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूमसाहेब. सिमल्याच्या आपल्या बंगल्यात त्यांनी पाखरांच्या नमुन्यांचा एवढा संग्रह केला होता की, तो ब्रिटिश म्युझियमला दिला तेव्हा त्याची संख्या ऐंशी हजारांच्या आसपास भरली. हिंदुस्थानातील पक्ष्यांवर ते एक मोठा ग्रंथही लिहीत होते. त्याची हस्तलिखिते घरच्या नोकराने सिमल्याच्या बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली. वर्षानुवर्षांचे काम पुड्या बांधण्यात गेले! त्या धक्क्याने साहेबांचे मन पाखरांवरून उडाले.

त्याच सुमारास, १८८३ साली, मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली. तिच्या आठ संस्थापकांत दोन आपले होते: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. याच संस्थेत पुढे एक मुलगा छर्ऱ्याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला आला. तो मुलगा म्हणजे सलीम अली. बंदूक त्यांनी पुढेही टाकली नाही. पण त्यांच्या थोर कामांपैकी एक आमच्या कोकणात, अलिबागजवळच्या किहीमला, केवळ डोळ्यांनी झालेले आहे. १९३० साली ते जर्मनीहून शिकून परतले तेव्हा हाताला नोकरी नव्हती. किहीमला राहायला आले, आणि सुगरणींच्या वसाहतीसमोर आडोसा करून तासन्‌तास बसू लागले. तोवर शास्त्रज्ञांना ठाऊक नसलेली गोष्ट त्यांना दिसली: नर एकामागून एक खोपे विणतो, मादी येऊन पाहणी करते, तिला पसंत पडला तरच त्यात राहते, आणि ती अंड्यांवर बसली की हे महाशय दुसऱ्या खोप्याच्या आणि दुसऱ्या मादीच्या तयारीला लागतात. मारलेला पक्षी कधीही हे सांगू शकला नसता.

बंदुकीच्या जागी कॅमेरा आला तो असा, पाहण्याची गोडी लागल्यावर. इंग्लंडात चेरी व रिचर्ड कीर्टन या भावांनी १८९२ साली घरट्यातल्या अंड्यांचे छायाचित्र घेतले. पुढे पाखरांच्या जवळ जाता यावे म्हणून त्यांनी आतून पोकळ असा बैल तयार केला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन ते उभे राहू लागले. आमच्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर बंदूक जवळजवळ गेलीच. आज ज्याच्या त्याच्या हाती कॅमेरा आहे. कॅमेऱ्याने पाखरू मरत नाही, आपण घेतो ती केवळ त्याची छाया, असे आपण मानतो. मीही मानत असे.

मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन तळ्यावर गेलो तेव्हा रोळाचे दिवस होते. छत्तीस फोटोंचा एक रोळ, तो पुरवून वापरायचा. मामांनी बजावले, "पाखरा बघूक इलंस मां? मगे गप रव!" रोळ धुऊन आला तेव्हा बहुतेक चित्रांत पाणी, आकाश आणि मध्ये एक काळा ठिपका होता. वडिलांनी चश्मा लावून विचारले, "यात पक्षी कुठला?" नंतर चांगला कॅमेरा आला, लांब भिंग आले, आणि त्यांबरोबर हावही आली.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपतीच्या सुटीत काळशाला गेलो होतो. एका ओहोळाच्या मातीच्या दरडीत तिबोटी खंड्याचे बीळ आढळले. हे पाखरू चिमणीएवढे. पण जांभळा, निळा, पिवळा, शेंदरी असे सारे रंग त्याच्यावर सांडलेले. पावसाळ्यात ते आमच्याकडे दरडीत बोगदा करून पिले वाढवते. नर-मादी चोचीत सापसुरळी किंवा बेडकाचे पोर घेऊन येत होती. बिळाच्या तोंडावर नेच्यांची पाने आणि मुळ्या लोंबत होत्या. चित्र स्वच्छ येईना. मी पुढे झालो, पाने खुडली, मुळ्या बाजूला केल्या आणि परत येऊन बसलो. चित्रे उत्तम आली. तशी मला पूर्वी कधी मिळाली नव्हती आणि नंतरही मिळाली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर बिळाचे तोंड उकरलेले होते. दोन्ही पाखरे समोरच्या फांदीवर बसून बारीक आवाजात ओरडत होती. एकाच्या चोचीत अजून सापसुरळी होती. मुंगूस आले की घोरपड, मी पाहिले नाही. पण आडपडदा कुणी काढला, हे मला ठाऊक होते. मामांना सांगितले. ते रागावले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "देवीन पडदो घातललो, तो तू काढलंस."

परडीतले दागिने ठेवून घेणारा तो माणूस कोण असेल, असे लहानपणी मी मामांना अनेकदा विचारले होते. त्या दिवसानंतर विचारले नाही. ती चित्रे मी कुणाला दाखवलेली नाहीत, छापायलाही दिली नाहीत.

तेव्हापासून मी विणीच्या दिवसांत कॅमेरा काढत नाही. दिवाळीत जातो, बांधावर एका ठरलेल्या जागी बसतो, आणि काय दिसले ते तारीखवार वहीत लिहितो. चित्र मिळाले तर मिळाले. या वह्यांनी मला एक शिकवले. विडालसाहेबांच्या काळी गिधाड म्हणजे रोजच्या पाहण्यातला पक्षी. मेलेले गुरू टाकले की आकाशातून उतरायचा. मग गुरांना देण्याच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक कमी झाली. कारण सापडले ते २००४ साली, बंदी आली २००६ साली. तोवर ती नाहीशी होत होती आणि बहुतेकांच्या ध्यानातही आले नव्हते. कारण रोज दिसणारी वस्तू कुणी लिहून ठेवीत नाही. त्याच त्या तळ्यावर पुन्हा पुन्हा जायचे ते यासाठी. नवीन काय दिसले याइतकेच, जुने काय दिसेनासे झाले, हेही कुणीतरी लिहायला हवे.

गेल्या दिवाळीला माझी धाकटी मुलगी बरोबर आली होती. तिने टिबुकलीच्या बुड्या मोजल्या आणि परिटाचे चित्र काढले, पेन्सिलीने. निघताना देवळात गेलो. मी भगवतीला परडीची गोष्ट सांगितली जाते ती जागा तिला दाखवली. तिने विचारले, "बाबा, त्या माणसाने नंतर दागिने परत का नाही दिले? उशिरा दिले असते तरी चालले असते ना?"

मला उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर वहीत त्या दिवसाच्या पाखरांची नावे लिहिली, आणि वहीच्या पहिल्या पानावर, तिथे जागा होती म्हणून, तिचे नाव घातले.