ग्रंथांचा भार आणि फळीचा बांक

ग्रंथसंग्रहाचा इतिहास सांगतांना विद्वान् लोक ग्रंथकारांचा, छापखान्यांचा आणि उदार दात्यांचा परामर्श घेतात. ज्या फळीवर तो सारा संग्रह उभा असतो, तिची आठवण सहसा कोणास होत नाहीं. तरीहि मध्यम स्थितींतील घरांत ग्रंथांचा पहिला शत्रु पुष्कळदां वाळवी नसून ही फळीच असते. स्वस्त लांकडाची लांब फळी थोड्याच काळांत मध्यें लवते. तिच्यावरील पुस्तकें एकमेकांवर कलतात, त्यांची बांधणी खिळखिळी होते, आणि एके दिवशीं फळी आधारावरून निसटून सगळा संग्रह जमिनीवर येतो. हा दोष आला कोठून आणि तो टाळण्याची विद्या मनुष्यास केव्हां लाभली, ही कथा मनोरंजक आहे व तितकीच उपयुक्तहि आहे.

प्राचीन काळीं हा प्रश्न फारसा उद्भवलाच नाहीं. महाराष्ट्रांत पोथीचीं पानें दोन लांकडी पाट्यांमध्यें ठेवून वस्त्रांत बांधीत, आणि तीं बासनें कोनाड्यांत किंवा फडताळांत आडवीं ठेवीत. पेशव्यांच्या दप्तराचे कागदहि रुमालांतच बांधलेले असत. युरोपांतील रीत याहून फार निराळी नव्हती. इ. स. ७१६ च्या पूर्वीं इंग्लंडांत सिद्ध झालेल्या ‘कोडेक्स अमियाटिनस’ या बायबलच्या हस्तलिखितांत एक चित्र आहे. त्यांत एझ्रा लिहीत बसला असून त्याच्या मागील उघड्या कपाटांत नऊ ग्रंथ आडवे निजविलेले दिसतात. नऊ ग्रंथांच्या भारानें कोणती फळी लवणार?

पंधराव्या शतकाच्या मध्यास गुटेनबर्गनें छपाई सुरू केली आणि ग्रंथांची संख्या वाढली. निजलेले ग्रंथ हळूहळू उभे राहिले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील एस्कोरियलच्या ग्रंथालयांत तर भिंतीच्या कडेनें लांबच लांब कपाटें लागलीं. येथें फळीची खरी परीक्षा सुरू झाली. एक फूट लांबीच्या जागेंत उभीं केलेलीं पुस्तकें सुमारें २० ते २५ पौंड भरतात. म्हणजे तीन फुटांच्या भरलेल्या फळीवर एखादा दहा वर्षांचा मुलगा रात्रंदिवस, वर्षानुवर्षें बसून राहावा, असा हा प्रकार आहे.

या परीक्षेचें उत्तर शोधण्यास प्रारंभ केला तो गॅलिलिओनें. आर्चेत्री येथें स्थानबद्ध असतां त्यानें लिहिलेला दोन नव्या शास्त्रांवरील ग्रंथ १६३८ सालीं लायडन येथें प्रसिद्ध झाला. एकच पट्टी आडवी ठेवली असतां सहज मोडते, पण कडेवर उभी केली असतां पुष्कळ अधिक भार सोसते, याचें गणित त्यानें त्यांत मांडलें. त्याच्या मांडणींत चुका होत्या. त्या पुढें दूर झाल्या. अठराव्या शतकांत डॅनिएल बर्नूली व ऑयलर यांनीं तुळई किती लवते याचा सिद्धांत सिद्ध केला, आणि १८२६ सालीं फ्रान्समध्यें नाव्हिए यानें त्यास इंजिनियरांच्या उपयोगाचें रूप दिलें.

त्या सिद्धांताचा घरगुती अर्थ असा आहे. दर फुटावरील भार तोच ठेवून फळीची लांबी दुप्पट केली, तर बांक दुप्पट न होतां सोळापट होतो. जाडी दुप्पट केली, तर तो अष्टमांशावर येतो. दोन फुटांऐवजीं तीन फुटांची फळी घालणारा गृहस्थ मधला एक उभा आधार वांचवितो खरा, पण त्या काटकसरीपायीं पांचपट बांक विकत घेतो.

श्रीमंत संस्थांनीं या अडचणींतून आपला मार्ग काढला. ब्रिटिश म्यूझियमनें १८५७ सालीं आपल्या नव्या वाचनगृहाभोंवतीं लोखंडी कपाटें उभारलीं. सामान्य वाचकास तें परवडणारें नव्हतें. महाराष्ट्रांत पुण्यास १८४८ सालीं, ठाण्यास १८९३ सालीं व मुंबईस १८९८ सालीं सार्वजनिक ग्रंथसंग्रह निघाले; वाचनाची गोडी घरोघर पोंचली; परंतु सागवानी कपाट घरोघर पोंचलें नाहीं. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४१ सालीं, जर्मनींतील ब्रेमेन येथें लांकडाच्या ढलप्या राळेंत दाबून फळ्या करण्याचा कारखाना निघाला. १९७९ सालीं स्वीडनमध्यें गिलिस लुंडग्रेन यानें आखलेलें ‘बिली’ हें कपाट अशाच स्वस्त फळ्यांमुळें जगभर गेलें. या फळ्या गुळगुळीत दिसतात. पण अस्सल लांकडाहून त्यांचा ताठपणा कमी, आणि सतत भार राहिल्यास त्यांचा बांक वर्षागणिक वाढत जातो. ओल लागली तर तो अधिकच वाढतो.

उपाय मात्र स्वस्त आहेत, आणि ते गॅलिलिओच्या त्या उभ्या पट्टींतच सांठविलेले आहेत. १० इंच रुंद व पाऊण इंच जाड अशा फळीच्या पुढील व मागील कडेखालीं त्याच लांकडाची पाऊण इंच जाड व दीड इंच उंच अशी एकेक पट्टी उभी करून सरसानें व स्क्रूनें पक्की बसविली, तर लांकूड तृतीयांशाहूनहि कमी वाढतें, पण ताठपणा दुपटीहून अधिक होतो. जेथें पट्टी लावणें शक्य नसेल, तेथें मध्यें एक उभा आधार द्यावा, किंवा अधूनमधून फळी उलटी करावी. जड ग्रंथ आधारांच्या जवळ ठेवावे, मध्यें हलके. कपाटाची पाठ नुसती शोभेची नसते. ती चारी बाजूंनीं घट्ट ठोकली म्हणजे चौकट कलत नाहीं.

फळी पिळते, त्याचें कारण निराळें आहे. लांकूड हवेंतील ओल शोषून फुगतें, आणि एका अंगास रंग व दुसरें अंग उघडें असलें, तर दोन्ही अंगें सारखीं फुगत नाहींत. म्हणून रोगण दोन्ही अंगांस व कडांसहि द्यावें, आणि पावसाळ्यांत ओल धरणाऱ्या भिंतीपासून कपाट चार बोटें दूर ठेवावें.

इंग्लंडचे मुख्य प्रधान राहिलेले ग्लॅडस्टन यांना राजकारणाच्या व्यापांतहि हा विषय क्षुद्र वाटला नाहीं. ग्रंथांच्या निवाऱ्यावर त्यांनीं १८९० सालीं एक स्वतंत्र निबंध लिहिला. ग्रंथ घेण्यास द्रव्य लागतें. पण घेतलेला ग्रंथ नातवाच्या हातीं धडपणें पोंचावा, एवढ्यासाठीं दीड इंचाची एक पट्टी आणि थोडें ज्ञान पुरेसें होतें.